चाळीस जोड बूट

३ नोव्हेंबर

बारक्या,

माझा फोन उचलायचा नाही असं ठरवलं असशील तर तसं सरळ कळव. विश्रामगृहाचा तो रखवालदार आता माझा आवाज ऐकला की मी काही विचारायच्या आत "सर फिरायला गेलेत" म्हणतो. सकाळी आठलाही फिरायला, दुपारी दोनलाही फिरायला. ज्याला चौकशी संपेपर्यंत डोंगरावर पाऊल टाकायला मनाई आहे तो माणूस एवढा फिरतो कुठे, हे मला एकदा सांगच. म्हणून आता पत्र लिहितेय.

आधी टकळीचं सांगते, कारण तू तेच आधी विचारशील. परवा तिला इस्पितळातून घरी सोडलं. डावा पाय घोट्याच्या वर चार बोटांपासून नाही. हे तुला अजून कुणी सांगितलं नसेल तर माझ्याकडून कळलेलंच बरं. जखम स्वच्छ आहे, सोळाव्या वर्षी जखमा लवकर भरतात असं डॉक्टर म्हणाले. तिचं घर चौथ्या मजल्यावर, जिन्यात दिवा नाही. शिवणकामाच्या दुकानातून सुट्टी काढून तिच्या बापाने तिला पाठुंगळी घेऊन वर नेलं. मी मागून फळांची पिशवी घेऊन चढत होते. बसमध्ये बसल्यापासून जिचं तोंड मिटलं नाही, जिला तूच टकळी म्हणायला लागलास, ती मुलगी तासाभरात चार शब्द बोलली. त्यातले दोन "पाणी द्या" हे होते.

तिची आई धुलाईखान्यात काम करते. हात पुसत बाहेर आली आणि म्हणाली, "चूक कुणाची होती, बाई?"

मी म्हटलं, "समिती शोधून काढेल."

"समिती म्हणजे तुम्हीच ना?"

बाई चांगली आहे, पण तोंडाला धार आहे. मी चहा न घेताच उठले.

समिती म्हणजे मी एकटी नाही, हे तुलाही सांगून ठेवते, कारण तुला डोंगराबाहेरचं काही लक्षात राहत नाही. आमच्या वस्ती केंद्राकडून मी, शाळेचे मुख्याध्यापक, वनखात्याचे अधिकारी, तुमच्या गिर्यारोहण संस्थेचे सचिव आणि बूट देणाऱ्या कंपनीचे साहेब. पाच जणांनी हात दिला म्हणून ही 'शहरापलीकडे' सहल सात वर्षं चालली. एकाने जरी हात काढून घेतला तरी सगळं बसेल. वनखात्याने डोंगराची परवानगी थांबवलीय. शाळा म्हणते, लेखी खुलासा आल्याशिवाय मुलं पाठवणार नाही. पुढच्या मे महिन्यासाठी एकशे साठ मुलांची नावं आलीत, तुला माहीत आहे.

सोबत तुझा जबाब पाठवतेय. मीच लिहिलाय, कारण तुझं लिखाण म्हणजे गाठी मारलेला दोर. एकच परिच्छेद आहे. "दुसऱ्या दिवशी उतरताना मी समितीने मंजूर केलेली वाट सोडून मुलांना खडकाच्या बाजूने नेले. तो निर्णय माझा होता." एवढंच. खाली सही कर आणि तीस तारखेच्या आत पाठव. फार तर वर्षभर तुझा प्रशिक्षकाचा परवाना थांबवतील. मी अध्यक्ष आहे, त्यापुढे जाऊ देणार नाही.

वेळेवर जेवत जा.

ताई


१२ नोव्हेंबर

बारक्या,

नऊ दिवस वाट पाहून पाकीट उघडलं तर आत दोन शब्द. "आणि बूट?" एवढ्यासाठी तू तिकीट चिकटवलंस.

बुटांचं काय? बूट चांगले होते. चाळीस जोड, खोक्यातून काढलेले, एकालाही चिखल लागलेला नाही. कंपनीने पहिल्याच वर्षी दिले, तेव्हापासून मी त्यांना जिवापाड जपलं. केंद्रातलं लोखंडी कपाट, वरचे तीन कप्पे, किल्ली माझ्या पर्समध्ये. प्रत्येक बुटात डांबराची गोळी, प्रत्येक जोड कागदात. दर सहा महिन्यांनी काढून पुसायचे आणि पुन्हा ठेवायचे. तूच हसायचास, "ताई, बूट पायात घालायचे असतात, यांची काय वरात काढणार आहेस?"

हसायला काय जातं तुझं. सात वर्षांत तुझ्या हाताखालून तीनशे मुलं गेली असतील. पहिल्याच तुकडीला बूट दिले असते तर दुसऱ्या तुकडीला फाटके मिळाले असते आणि तिसरीला काहीच नाही. आपल्या घरात नवी वस्तू कशी वापरायची हे तू विसरलास, मी नाही. तुझा शाळेचा पहिला कोट मी दोन वर्षं पेटीत ठेवला होता. शेवटी तो तुला लहान झाला, हे खरं, पण नवा राहिला ना?

त्यामुळे गेल्या वर्षापर्यंत मुलं कॅनव्हासच्या बुटांत गेली, आपापल्या चपलांत गेली, आणि कुणाला काही झालं नाही, हे तू म्हणशील. मला माहीत आहे तू काय म्हणशील. पण यंदा कंपनीचे साहेब स्वतः फोटोवाला घेऊन येणार होते. सात वर्षं बूट देऊन त्यांच्याकडे बूट घातलेल्या एका मुलाचा फोटो नाही, असं त्यांनी मला दोनदा ऐकवलं होतं. त्यांच्यासमोर मुलांना रबरी चपलांत उभं करू?

न वापरलेल्या बुटाचे सोल नुसते ठेवून ठेवून कुजतात, हे कुणाला माहीत असतं? मला नव्हतं. साहेबांनाही नसावं. कुणालाच माहीत नव्हतं, मग ते जबाबात कशाला?

जबाब पुन्हा पाठवतेय. आधीच्याचं तू काय केलंस ते विचारत नाही.

ताई


१९ नोव्हेंबर

बारक्या,

या वेळी पानभर लिहिलंस. बरं वाटलं आणि नाहीही.

ठीक आहे. तू मला सांगितलं होतंस. दोन वर्षांपूर्वी, कपाट उघडं होतं, तू एक बूट उचलून अंगठ्याने सोल दाबलास आणि काळा चुरा टेबलावर पडला. "ताई, हे मेलेत. फेकून दे." मी म्हटलं, धूळ आहे. फडक्याने टेबल पुसलं. मला त्या वेळीही ती धूळ वाटली नव्हती. हे तुला लिहितेय, बाहेर कुणाला म्हणणार नाही, आणि तूही म्हणू नकोस. दान दिलेले चाळीस जोड केंद्राच्या कपाटात मेले, असं मी साहेबांना कोणत्या तोंडाने सांगितलं असतं?

तुझा दुसरा प्रश्न मुलांच्या चपलांचा. तूही काय एकेक गोष्ट उकरून काढतोस. होय, फोटो झाल्यावर मुलांच्या स्वतःच्या चपला-बूट मी पोत्यांत भरून बसमधून परत पाठवले. पायथ्याला चाळीस जोड फाटक्या चपलांचा ढीग पडला होता, फोटोवाला इकडून तिकडून फोटो काढत होता आणि तो ढीग प्रत्येक फोटोत येत होता. तू तेव्हा पाण्याच्या टाक्या भरायला गेला होतास. परत आलास तेव्हा बस गेली होती. तू माझ्याकडे जे पाहिलंस ते अजून आठवतं. मी तुला म्हटलं, "दोन दिवसांचा तर प्रश्न आहे."

पुढचं तू लिहिलंयस ते मी तीनदा वाचलं. पहिला सोल दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला निघाला. दुपारपर्यंत एकोणीस जोड गेले. तू तंबूचं कापड फाडून पट्ट्या केल्यास, त्यांनी बूट बांधले, पट्ट्या अर्ध्या तासात झिजल्या. मंजूर वाट लांबची, दगडगोट्यांची, तशा पायांनी अंधाराआधी उतरणं शक्य नव्हतं, म्हणून तू खडकाची जवळची वाट धरलीस. दोर लावून एकेकाला उतरवलंस. छत्तीस मुलं नीट उतरली. टकळी सदतिसावी. तिची पट्टी सुटली, बुटाचा तळ पुढे राहिला आणि पाय मागे, आणि वरचा दगड तिच्या पायावर आला. तो दगड तू आणि तीन मुलांनी मिळून उचललात.

सगळं कबूल. आता मला एवढंच सांग, बारक्या. मंजूर वाट तू सोडलीस की नाही? तो निर्णय तुझा होता की नाही? मग मी लिहिलेल्या परिच्छेदात एक तरी शब्द खोटा आहे का? मी तुला खोटं बोलायला सांगत नाहीये. खरं तेवढंच बोल आणि गप्प बस, एवढं सांगतेय.

तिसरी प्रत जोडतेय.

ताई


२४ नोव्हेंबर

बारक्या,

साहेब येऊन गेले. बुटांविषयी कुणी चकार शब्द काढला नाही तर कंपनी आणखी तीन वर्षं सोबत राहील म्हणाले. काढला तर त्यांचे वकील बोलतील. वनाधिकारी म्हणतात, दोष एका माणसाचा निघाला तर परवानगी पुन्हा देता येईल. दोष सगळ्या व्यवस्थेचा निघाला तर डोंगर बंद. मुख्याध्यापक बिचारे कुणाचंही ऐकतात.

म्हणजे आता सगळं एका सहीवर येऊन थांबलंय. एका पारड्यात तुझं एक वर्ष, दुसऱ्या पारड्यात एकशे साठ मुलं. तूच मला सांगायचास ना, त्या पोरांना खिडकीतून समोरची खिडकी दिसते आणि बाकी काही दिसत नाही म्हणून. टकळीने पहिल्या दिवशी पठारावर तुला विचारलं होतं, "सर, एवढं आभाळ रोजच असतं का?" ते वाक्य मी अहवालाच्या पहिल्या पानावर घातलंय. सगळ्यांना फार आवडलं.

मला हे लिहायचं नव्हतं, पण तू वेळ आणलीस. आई गेली तेव्हा तू अकराचा आणि मी एकोणीसची. गिर्यारोहणाच्या अभ्यासक्रमाची निवड यादी लागली होती, त्यात माझं नाव चौथं होतं. मी गेले नाही. घरी तुला कोण बघणार होतं? आठ वर्षांनी त्याच अभ्यासक्रमाला मी तुला पाठवलं, माझी पाठपिशवी देऊन. तू परवाना घेऊन आलास, मी सगळ्या गल्लीला दाखवत फिरले. त्या दिवशी मला तुझा अभिमान वाटला आणि रागही आला. इतका आला की मी मोरीत जाऊन भांडी घासत बसले. आजवर कुणाला बोलले नाही. दरवर्षी तू मुलांना घेऊन वर जातोस आणि मी पायथ्याशी यादीवर खुणा करत उभी असते. मी कधी विचारलं का, ताईला एकदा वर ने म्हणून? तूही कधी विचारलं नाहीस.

टकळी काल आईबरोबर केंद्रात येऊन गेली. कुबड्यांवर बरी चालते. तिने तुझी चौकशी केली नाही. मुलांचं असंच असतं, तू मनाला लावून घेऊ नकोस.

तीस तारीख विसरू नकोस.

ताई


१ डिसेंबर

माझ्या शहाण्या भावा,

जबाब मिळाला. सही बघून मी खुर्चीतच बसून राहिले. तुझी सही अजून शाळेतल्यासारखीच आहे, शेवटचं अक्षर ओळीखाली घसरतं.

सोबतची चिठ्ठी वाचली. "ताई, मुलांसाठी करतोय, आणि तुझ्यासाठी. मला फक्त हा परवाना आहे, दुसरं काही येत नाही. वर्षाच्या वर जाऊ देऊ नकोस." वेडा कुठला. हे लिहायची गरज होती का? मी बसलेय ना तिथे.

वर्षभर काय करशील ते मी ठरवलंय. केंद्रात ये. लहान मुलांना गाठी शिकव, खेळ घे. आपण दोघं मिळून जेवू. तुझी खोली मी झाडून ठेवलीय, गादीला ऊन दाखवलंय.

बैठक बारा तारखेला आहे. निर्धास्त राहा.

तुझी ताई


१५ डिसेंबर

बारक्या,

बैठक झाली. निकालाचं कागदी पत्र तुला वेगळं येईल, पण ते कुणा कारकुनाकडून वाचण्यापेक्षा माझ्याकडून कळावं म्हणून लिहितेय.

परवाना कायमचा रद्द झाला.

आता नीट वाच, मध्येच कागद चुरगळू नकोस. सचिव आणि मुख्याध्यापक म्हणाले, एक वर्ष पुरे. साहेब आणि वनाधिकारी म्हणाले, कायमचा. दोनास दोन. मग सगळे माझ्याकडे पाहायला लागले.

मी एक वर्ष म्हणायलाच गेले होते. देवाशपथ. पण वनाधिकारी अगदी गोड आवाजात म्हणाले, "बाई, तुमचा भाऊ आहे तो, तुम्ही मत दिलं नाहीत तरी आम्ही समजू शकतो." आणि साहेब खाली पाहून हसले. माझ्या लक्षात आलं, मी वर्षावर सोडलं तर उद्या कुणीतरी विचारणार, बहिणीने भावाला पाठीशी का घातलं? मग पुन्हा चौकशी, मग कपाट, मग तो चुरा. आणि वर्षाने तू परत आला असतास. केंद्राच्या दारात, दर सहलीला, माझ्याकडे तसं पाहत. ते मला झेपलं नसतं. हे मी पहिल्यांदाच लिहून काढतेय, आणि लिहिल्यावर खरंच वाटतंय.

मी म्हटलं, "मी इथे बहीण म्हणून बसलेली नाही. कायमचा." मुख्याध्यापकांच्या डोळ्यांत पाणी आलं. वनाधिकारी उठून उभे राहिले, म्हणाले, अशी माणसं आता राहिली नाहीत. जागच्या जागी परवानगीवर सही केली, तीन वर्षांची. कंपनी नवे चाळीस जोड देणार आहे. या वेळी मी ते पहिल्याच दिवशी वाटणार, शिकायला मला वेळ लागत नाही. नवा प्रशिक्षक तुमच्याच संस्थेचा आहे, चुणचुणीत मुलगा, सांगितलं तेवढं ऐकतो.

राहता राहिलं टकळीचं. चोवीस तारखेच्या पत्रात मी तुला अर्धंच लिहिलं होतं. ती केंद्रात आली तेव्हा वहीची चार पानं लिहून घेऊन आली होती. बूट, पट्ट्या, बसमधून गेलेल्या चपला, सगळं. "सर नसते तर आम्ही कुणीच उतरलो नसतो" असं शेवटी लिहिलं होतं, खाली छत्तीस मुलांच्या सह्या. ती म्हणाली, "बाई, हे समितीला द्या, सरांना काही होता कामा नये." मी पानं घेतली आणि म्हटलं, देते. मी ती कुणाला दिली नाहीत. तुझा जबाब यायचा होता.

बैठकीनंतर ती परत आली, एकटी, चार मजले उतरून. तिने विचारलं, माझी पानं वाचली का? मी तिला तुझा जबाब दाखवला. ती उभ्या उभ्या वाचत होती, एक कुबडी भिंतीला टेकवून. वाचून म्हणाली, "सरांनी स्वतः लिहिलंय?" मी म्हटलं, सही बघ. तिने पाहिली. मग म्हणाली, "म्हणजे चांगली वाट होती. सरांनी आम्हाला तिकडून नेलंच नाही." मी काही बोलले नाही. खोटं बोलायचं नव्हतं मला. तिने आपली चार पानं परत मागितली, मी दिली, तिने ती माझ्यासमोर फाडली. छोटे तुकडे केले, टोपलीत नीट टाकले, एकही खाली पडू दिला नाही. जाताना म्हणाली, "सर कधी भेटायला आले तर मी घरी नाही म्हणून सांगा."

तिची आई म्हणते, आता ती घरात पुन्हा बोलायला लागलीय. तुझ्याबद्दलच बोलते. राग आला की माणूस बरा होतो, असं मला वाटतं. तेव्हा तू तिला भेटायला जाऊ नकोस आणि पत्रही घालू नकोस. तिला आता कुणावर तरी रागावता येतंय.

केंद्रात येण्याचंही तूर्त राहू दे. मुलं विचारतील, नव्या मुलाला अवघड होईल. एका गोदामात पहारेकऱ्याची जागा आहे, मी तुझ्यासाठी शब्द टाकलाय.

परवान्याचं कार्ड वीस तारखेच्या आत समितीकडे जमा करायचं आहे. साध्या टपालाने नको, गहाळ होईल. नोंदणी करून पाठव, आणि पाकिटावर माझं नाव घाल.

ताई